सुट्टीतला अबोला

"मला दोन्ही चालेल." हे वाक्य जगात पहिल्यांदा ज्यानं उच्चारलं तो कुणाचा तरी नवराच असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली होती. घरात दोन मुलं. मोठी दहा वर्षांची, धाकटा सात. एकटं ठेवता येत नाही आणि काखोटीला मारून कामावर नेता येत नाही, असं हे अडनिडं वय. मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे येतात, त्यांत आम्ही प्लास्टर ओततो, मेणात एकेक दात बसवतो, घासतो, चकचकीत करतो. दिवसभर हवेत पांढरी भुकटी उडत असते, म्हणून फोन बाहेरच्या कपाटात ठेवायचा असा तिथला नियम आहे. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो निम्मा वेळ कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोटात असतो, जिथे रेंज नसते. म्हणजे शाळा बंद झाली की मुलांसाठी तिसरं कुणीतरी हवं. एक तर समर कॅम्प, नाही तर घरी येऊन सांभाळणारी मुलगी.

शोधाशोध कुणी केली हे सांगायला हवं का? जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून मी शहरातले कॅम्प पालथे घातले. एका कॅम्पवाल्यांना मुलांमधून 'उद्याचे नेते' घडवायचे होते. आमच्या उद्याच्या नेत्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही. दुसरा कॅम्प अर्ध्या दिवसाचा, म्हणजे मुलांना सोडून घरी येऊन चप्पल काढेपर्यंत परत आणायला निघायचं. एक बरा सापडला, आमच्याच शाळेमागच्या मैदानावर. खेळ होते, चित्रं होती, पोहणंही होतं. तो चारला सुटायचा. चारला! जणू जगातल्या सगळ्या आया चारला सुटतात.

घरी सांभाळायला येईल अशी एकच होती. वरच्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी. गोड आहे, काकू काकू करते, आणि तिला कान हलवता येतात म्हणून धाकटा तिच्यावर जीव टाकतो. पण त्या हलत्या कानांत सतत इअरफोन.

रविवारी सकाळी मी हे सगळं नवऱ्यापुढे मांडलं. तो फोनवर बोट फिरवत ऐकत होता, म्हणजे ऐकत नव्हता. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "मला दोन्ही चालेल. तू ठरव."

"ठीक आहे, कॅम्प," मी म्हणाले.

"कॅम्प? एवढ्या उन्हात? धाकट्याचा घोळणा फुटतो, विसरलीस?"

"बरं, मग वरची."

"ती? तिच्या कानात ती बोंडं असतात चोवीस तास. घर पेटलं तरी कळायचं नाही तिला."

"मग तू ठरव!"

"मी कुठे नाही म्हणतोय? मला दोन्ही चालेल म्हटलं ना."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी म्हणाले, तुला दोन्ही चालतं, कारण चालायचं मला असतं. कॅम्प म्हटलं की टोपी, डबा, पोहण्याचे कपडे, तिथल्या बाईंचे फोन हे सगळं मी बघायचं. मुलगी ठेवली की तिची वेळ, तिचं जेवण, तिच्या परीक्षा मी सांभाळायच्या. तू फक्त वर बसून मार्क द्यायचे. आणखीही बरंच म्हणाले. तो शांतपणे उठला, "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," म्हणाला आणि गॅलरीत गेला. त्या क्षणापासून आमचा अबोला सुरू झाला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या माहेरी भांडण म्हणजे दणदणीत कार्यक्रम असायचा. भांडी आपटायची, दारं आदळायची, शेजारी आवाज ऐकून टीव्ही बंद करायचे, आणि जेवायच्या आत सगळं मिटलेलं असायचं. नवऱ्याच्या घरी तसं नाही. त्यांच्याकडे अबोला ही वडिलोपार्जित इस्टेट आहे. माझे सासूसासरे एकमेकांशी महिना महिना बोलायचे नाहीत, आणि एकाच खोलीत बसून दोघांचे निरोप इकडून तिकडे न्यायचं काम माझ्या नवऱ्याकडे असायचं. लग्नानंतर मी हे ऐकून पोट धरून हसले होते. पुढे कधी मीही त्यात तरबेज झाले, कळलंच नाही.

आता ते काम मोठीकडे आहे. एकाच टेबलावर चौघं जेवत असतो. मी म्हणते, "मोठे, बाबाला विचार, मीठ हवंय का." ती मान वळवून विचारते, "बाबा, मीठ हवंय?" तो तिला सांगतो, ती मला सांगते, आणि मिठाची बरणी माझ्या हातातून तिच्या हातात आणि तिच्या हातातून त्याच्या हातात जाते. हात लांब केला तर मी त्याच्या ताटाला शिवू शकते, एवढं लहान टेबल आहे ते.

मोठी हे काम छान करते. मी दात ओठ खात म्हणायचे, "बाबाला सांग, घर ही खानावळ नाही, किती वाजता उगवणार ते आधी कळवत जा म्हणावं," की ती गॅलरीत जाऊन म्हणायची, "बाबा, आई विचारतेय, आज उशीर होणार आहे का?" मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. पोरगी किती समजूतदार, कशी सांभाळून घेते, असं मी कामावरच्या मैत्रिणीला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

अबोला चालू, शाळा बंद होत आलेली, आणि निर्णय तिथेच लटकलेला. एका संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा पाय तुटायला आले होते. त्या दिवशी एका म्हातारबुवांची कवळी तिसऱ्यांदा परत आली होती, म्हणे वरचे दात हसल्यासारखे दिसतात. घरात पाऊल टाकते तोच मोठी समोर उभी.

"आई, बाबा विचारतोय, सुट्टीचं काय ठरलं?"

पलीकडच्या खोलीत तो पलंगावर लोळत पडला होता. तिथून! निरोप पाठवून! मी पर्स फेकली आणि त्याला ऐकू जाईल न जाईल याचा विचार न करता म्हणाले, "बाबाला सांग, मला पण आता दोन्ही चालेल! कुठेही टाका म्हणावं या दोघांना, एकदाची सुटेन मी!"

मोठीनं पर्स उचलून ठेवली. मग आत गेली. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, त्याचं "बरं" तेवढं ऐकू आलं. जराशानं ती त्याचा काहीतरी निरोप घेऊन बाहेर आली असणार, कारण स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्याकडे बघत उभी होती. "काय म्हणाला?" मी विचारलं. "काही नाही, दमलाय," ती म्हणाली आणि धाकट्याची अंघोळ राहिली होती ती घालायला गेली.

दुसऱ्या दिवशी मीच काय तो सोक्षमोक्ष लावला. आमच्या लॅबच्या मालकीणबाईंसमोर उभी राहिले आणि दोन महिन्यांसाठी सकाळची पाळी मागितली. लवकर येईन, साडेतीनला जाऊ द्या. बाईंनी चष्म्यावरून असं काही बघितलं की मी जणू त्यांची कवळी मागत होते. पण हो म्हणाल्या. मी कॅम्पमध्ये दोघांची नावं घातली आणि घरी येऊन मोठीला म्हणाले, "बाबाला सांग, कॅम्प ठरलाय. सोमवारपासून सकाळी त्यानं सोडायचं, चारला मी आणेन. आणि हेही सांग की आता चालतं की नाही ते कुणी विचारत नाहीये."

तो गॅलरीत बूट पुसत बसला होता. ती गेली आणि आली. "बाबा म्हणाला, ठीक आहे."

एवढ्यावर काम झालं! मला वाटलं, बघा, आवाज चढवला की बरोबर सरळ येतो. त्या रात्री मी नारिंगी टोप्यांवर नावं शिवली, डबे घासून ठेवले, आणि मनातल्या मनात मी जिंकले होते.

सोमवारी मुलं झोपेत असतानाच मी निघाले. कामावर हात इतका हलका चालला की म्हातारबुवांची कवळी पहिल्या झटक्यात जमली. दात आता अजिबात हसत नव्हते. मैत्रिणीनं विचारलं, "मुलं?" मी ऐटीत म्हणाले, "कॅम्पला. नवऱ्यानं सोडलं." ती म्हणाली, "नशीबवान आहेस बाई." मीही मान डोलावली.

साडेतीनला कपाटातून पर्स उचलली आणि धावतच बस गाठली. कॅम्पच्या फाटकावर आयांची गर्दी होती, एखाददुसरा बापही होता. नारिंगी टोप्यांची रांग बाहेर आली. उन्हानं लाल झालेली, केस ओले, हातात रंगवलेले कागद घेतलेली मुलं एकेक करून आपापल्या माणसाला बिलगून गेली. रांग संपली. गळ्यात शिट्टी असलेला एक तरुण फाटक ओढायला लागला.

"अहो थांबा, माझी दोन राहिलीत."

त्यानं नावं विचारली, आत जाऊन आला. "मॅडम, ती आज आलीच नाहीत. सकाळी आम्ही दोनदा फोन केला तुम्हाला."

फोन पर्समध्ये होता. बघितलाच नव्हता. मी नवऱ्याला फोन लावला आणि नशिबानं तो जमिनीच्या वर होता.

"मुलं कुठे आहेत?" इतक्या दिवसांनंतर मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"घरी. कुठे असणार?"

"घरी? कॅम्पला सोडायचं होतं ना तू!"

"कसला कॅम्प? तूच तर वरच्या मुलीला ठरवलंस!"

"मी? मी ठरवलं? डोकं फिरलंय का तुझं? मी कॅम्पच्या दारात उभी आहे!"

"हे बघ, आवाज खाली कर..."

"नाही करणार!"

आणि मी सांगते, खरं सांगते, त्या फाटकावर उभी राहून मी त्याच्याशी भांडत बसले. परक्या आया मुलांना जवळ ओढून माझ्याकडे बघत होत्या. तू नीट ऐकत नाहीस, तू नीट सांगत नाहीस, तू नेहमीच असं, तुझ्या घरचेच असे. माझी मुलं कुणाजवळ आहेत हे मला माहीत नव्हतं आणि मी त्याच्या आईपर्यंत पोचले होते.

मग तो म्हणाला, "अगं मोठीनं सांगितलं मला. आईनं वरच्या ताईला ठरवलंय, असं. सकाळीही म्हणाली, ताई जिना उतरतेय, बाबा तू जा. मला लिफ्ट अडकल्याचा फोन आला होता. मी गेलो."

"मला म्हणाली, कॅम्पचं बाबानं ठीक आहे म्हटलंय."

फोन न ठेवताच मी पळत सुटले.

रिक्षात बसल्यावर डोक्यात काय काय आलं ते लिहवत नाही. गॅस. गॅलरी. दारावर येणारा कुणीही. सिग्नलवर लाल दिवा लागला तेव्हा मला त्या दिव्याचा राग आला, ज्यानं तो बसवला त्याचा आला, रिक्षावाला शीळ घालत होता त्याचा आला. नवऱ्याचा तर इतका आला की वाटलं, आत्ता समोर असता तर दाताचं यंत्र लावून त्याची बत्तिशी सपाट केली असती. वरच्या मजल्यावर जाऊन एक टकटक करायला काय धाड भरली होती? लिफ्टसुद्धा लागत नाही तिथे जायला!

जिना चढून मी बेल दाबली आणि दाबूनच ठेवली.

"कोण आहे?" आतून मोठीचा आवाज. मी शिकवलं होतं तसाच, दार न उघडता.

"मी आहे. उघड."

साखळी निघाली. घर नीटनेटकं होतं. दोन ताटं धुऊन पालथी घातलेली, पलंगावरची चादर मात्र गायब. ती जेवणाच्या टेबलावर चारी बाजूंनी सोडून तंबू केला होता आणि तंबूत धाकटा बसला होता. हाताला ओला टॉवेल गुंडाळलेला.

"काय झालं हाताला?"

"दूध तापवताना भांड्याला हात लागला त्याचा," मोठी म्हणाली. "मी खूप वेळ नळाखाली धरला. शाळेत सांगितलंय तसा. आता रडत नाहीये तो."

टॉवेल सोडून बघितलं. तळहातावर टरारून फोड आला होता. माझा हात वर गेला. कुणावर गेला होता, मला ठाऊक नाही. तेवढ्यात नवरा धापा टाकत दारात आला, अंगावर ग्रीसचे डाग तसेच. त्यानं धाकट्याचा हात बघितला आणि माझ्याकडे वळला.

"एवढे दिवस तोंड उघडलं असतंस तर हे झालं नसतं!"

"मी? अबोला कुणाच्या घरचा? कुणी शिकवला मला?"

"कॅम्पचं मला सरळ सांगता येत नव्हतं?"

"आणि तुला एकदा त्या पोरीच्या दारावर थाप मारता येत नव्हती? का तिथेही निरोपच पाठवायचा होता?"

अगदी माझ्या माहेरासारखं दणदणीत भांडण झालं. वरच्या मुलीच्या घरातला टीव्ही बंद झाल्याचं मला ऐकू आलं. मग मी मोठीकडे वळले. "आणि तू! इतकं खोटं बोललीस? आमच्या दोघांशी? तुला कळतंय का काय झालं असतं?"

ती आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती, जेवताना बसते त्याच जागी. तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, घाबरली. घाबरली नव्हती ती. चिडली होती.

"मी खोटं नाही बोलत. मी फक्त नीट करून सांगते. नीट न करता सांगू? सांगू का?"

ती बाबाकडे वळली.

"बाबा, आई म्हणाली होती, तुझ्यासारखा माणूस घरात असून नसल्यासारखा, नसतास तर निदान एक ताट कमी घासावं लागलं असतं. मी तुला सांगितलं, आई विचारतेय जेवायला आहेस का. आई, बाबा म्हणाला होता, तुझ्या किरकिरीपेक्षा लिफ्टमध्ये अडकलेलं परवडलं. मी सांगितलं, बाबाला काम खूप आहे. बाबा, आई म्हणाली, तुझ्या घरात सगळे मुके आणि तू त्यांचा सरदार. हा निरोप मी सांगितलाच नाही."

एकेक निरोप ती ज्याचा त्याला देत होती. मान इकडे, मान तिकडे. आवाज न चढवता, शाळेत पाठांतर म्हणून दाखवावं तशी. आमचे शब्द होते ते. एकही तिनं पदरचा घातला नव्हता.

"बाबा, त्या दिवशी आई म्हणाली, तिला दोन्ही चालेल, कुठेही टाका या दोघांना, एकदाची सुटेन मी. हाही सांगितला नाही. मी तुला सांगितलं की वरची ताई ठरलीय."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"आणि आई, तेव्हाच बाबा म्हणाला..." ती थांबली. टेबलाखाली तंबूत धाकटा हलला होता. ती माझ्याजवळ आली, माझा खांदा धरून मला खाली वाकवलं आणि त्याला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानात सांगितलं. बाबा म्हणाला, धाकटा तिला हवा होता, मला नको होता, आता तिनंच निस्तरावं.

ती मागे सरली. तिनं काय सांगितलं ते नवऱ्याला कळलं असणार. तो भिंतीला टेकला.

"टाकायचंच होतं ना आम्हाला," मोठी म्हणाली. "मग म्हटलं, लोकांकडे कशाला? मी बघते याला. वरच्या ताईला मी सांगितलं, आई घरी आहे. झालं. आता कुणाचाच निरोप राहिला नाही माझ्याकडे. फक्त माझा आहे."

"सांग ना बाळा," मी म्हणाले. "सांग, आम्ही ऐकतोय."

ती माझ्याकडे बघेना. बाबाकडेही बघेना. ओठ घट्ट मिटून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तो चेहरा मी ओळखत होते, गेले आठ दिवस आरशात तोच बघत होते.

टेबलावरची चादर वर झाली. धाकटा ओला टॉवेल सांभाळत बाहेर आला.

"ताई, माझ्याजवळ दे," तो म्हणाला. "मी सांगतो त्यांना."

ती वाकली, त्याच्या कानात बराच वेळ काहीतरी बोलली. त्यानं शहाण्यासारखी मान डोलावली. मग तो आमच्या दोघांच्या मध्ये, तिच्या जागेवर येऊन उभा राहिला आणि आधी माझ्याकडे, मग बाबाकडे बघून म्हणाला,

"ताईला तुमच्याशी बोलायचं नाहीये. पण तसं सांगू नको म्हणाली. ती म्हणाली, सांग, ताई दमलीय."